फाइन म्हणणाऱ्याची चौकशी

घाटंजीच्या बाजारातून रहमतभाईंनी एकदा टरबूज आणलं, घरी कापलं आणि तसंच दोन फोडींसकट परत नेऊन दिलं. विकणारी सुखीबाई म्हणाली, "गोड नाई निघालं का?"

"गोड हाये," रहमतभाई म्हणाले. "पण बाहेरून हिरवं अन् आतून लाल. आत एक अन् बाहेर एक, असा माल मी घरात ठेवत नाई."

ही गोष्ट कोणाला खोटी वाटत असेल तर त्याने सुखीबाईलाच विचारावं. ते टरबूज तिने तिथल्या तिथे बसून खाल्लं, आणि त्यानंतर रहमतभाई बाजारात दिसले की ती आपला माल पदराखाली झाकून घेते.

रहमतभाईंचा धंदा मोटारी बांधायचा, म्हणजे जळालेली कॉइल नव्याने गुंडाळायचा. शेतातल्या पाण्याच्या मोटारी, पंखे, कूलर, जे जळेल ते. गिऱ्हाईक म्हणे, "भाई, काही नाई, नुसती वायर सुटली असन." भाई मान डोलवत आणि मोटर पार पोटापर्यंत उघडत. सगळं बाहेर काढून झालं की सांगत, "बरोबर हाये तुयं. वायरच सुटली होती." उघडून पाहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कशावर भरवसा ठेवला नव्हता. पंख्यावर नाही आणि माणसावर तर नाहीच नाही.

रस्त्यात कोणी "कसं काय, रहमतभाई?" म्हटलं तर ते थांबत, विचारणाऱ्याला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळत आणि म्हणत, "तुले कसं वाटते?" आपण कसे आहोत हे त्यांनी बायकोला, फरीदाला, आणि मुलीला, गझालाला, सोडून कोणाला सांगितलं नव्हतं. "आपला हाल फक्त घरच्यायले सांगाचा," असा त्यांचा कायदा. डॉक्टरने विचारलं तरी म्हणत, "तुमी डॉक्टर हा, तुमी सांगा."

याला कारण होतं. आपल्याकडे सोयरीक ठरायच्या आधी चौकशीला माणसं येतात, ती काय गळ्यात पाटी अडकवून येतात? येतात ती बिघडलेला मिक्सर घेऊन. स्टुलावर टेकतात, चहा पितात आणि सहज म्हणून विचारतात. धंदा कसा काय चालला, घर सोताचं का, लेकरं किती, तब्येत ठीक ना? पाहिजे ते कळलं की मिक्सर तिथेच सोडून पसार होतात. रहमतभाईंच्या दुकानात असे बेवारस मिक्सर इतके साठले होते की सगळे एकदम चालू केले असते तर अख्ख्या तालुक्याची चटणी एका दमात वाटून निघाली असती. म्हणून सहज विचारलेल्या प्रश्नावर भाईंचा राग. किमतीचा प्रश्न विचारा, उत्तर मिळेल. तब्येतीचा विचाराल तर तुमच्या मागे कोण आहे ते आधी शोधलं जाईल.

आता अशा माणसाची मुलगी उजवायची म्हणजे काय, ते फरीदाभाभींना विचारा. गझाला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. दिसायला नीटस, बोलायला तिखट. स्थळं काही कमी आली नव्हती. एका मुलाचे बूट फार नवे होते, म्हणजे मागून आणले असतील. एक विनोद संपायच्या आधीच हसला. एकाने शिरखुर्मा दुसऱ्यांदा मागितला नाही, म्हणजे त्याला घरून पढवून पाठवलं होतं. एकाने मागितला, म्हणजे तो हावरा. अशी सगळी स्थळं रहमतभाईंनी पोटापर्यंत उघडली आणि परत जोडायची राहून गेली.

मग पुसदचं स्थळ आलं. मुलगा अब्रार, इंग्लंडात लीड्स नावाच्या गावी हॉटेलात नोकरीला. फरीदाभाभींच्या परवानगीने गझाला त्याच्याशी चार-सहा महिने फोनवर बोलत होती. तो तिला पसंत होता. एका दुपारी तिने बापासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाली, "अब्बा, हे शेवटचं. तुमी याले नाही म्हटलं तर मी भांडणार नाही. पण याच्यामागून मी कोणापुढं चहा घेऊन बसणार नाही. आयुष्यभर नाही."

या घरात रोजची बोली उर्दू वळणाची, पण कोणी अटीतटीवर आलं की वऱ्हाडीत येई. त्यामुळे पोरगी थट्टा करत नाही हे रहमतभाईंना कळलं. त्यांनी ग्लास दूर सरकवला.

"इंग्लंडात हाये हे कोणी पाह्यलं?" ते एवढंच म्हणाले.

"सगळे पाहून राह्यले. फोटो हाये."

"दारव्ह्याच्या त्या वकिलाचा जावई दुबईत होता. फोटो होते, उंट होता. दुबई निघाली उमरखेड रोडवर. पंक्चरचं दुकान."

"अन् उंट?"

"उंट खरा होता," रहमतभाई म्हणाले. "म्हणूनच तर वकील फसला."

विचार करून त्यांनी डाव ठरवला. मराठीत काय, कोणीही खोटं बोलतं, लहानपणापासूनची सवय असते. परक्या भाषेत माणसाला खोटं पटकन सुचत नाही. तेव्हा मुलगा इंग्लंडात राहतो तर चौकशी इंग्रजीत करायची, तीही रहमतभाईंनी स्वतः, फोनवर, तोंड पाहून. अडचण एकच. रहमतभाईंना इंग्रजीतलं 'आर्मेचर' आणि 'कॉइल' सोडलं तर काही येत नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी कुंदाताई राहत. नवरा नंदकिशोर तहसीलमधून निवृत्त झालेला. त्या स्वतः पुसदच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून घरी बसलेल्या. रहमतभाईंनी त्यांचा कूलर आजवर तीनदा विनाकारण उघडला होता, म्हणजे ओळख घट्ट.

कुंदाताईंनी ओसरीत खुर्ची दिली. "हे पाहा रहमतभाऊ, आधी नमस्कार-चमत्कार. तुम्ही म्हणायचं, हाऊ आर यू. तो म्हणेल, आय अॅम फाइन, थँक यू."

"अन् बरा नसला तर?"

"तरी फाइन."

"ताप असला?"

"फाइनच म्हणायचं. रीत आहे ती."

रहमतभाई खुर्चीच्या काठावर आले. "म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं हाये. अन् सगळ्या मुलखाले ठाऊक हाये."

"हो."

"ताई, ही तर पढवलेल्या साक्षीदाराची भाषा झाली. अशा भाषेत खून पचते."

आत नंदकिशोरभाऊ खोकले. तो खोकला हसण्यासारखा वाटला, म्हणून रहमतभाईंनी दाराकडे रोखून पाहिलं. दार ओढून घेतलेलं होतं. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, हवा यायची तर मागच्या खोलीचं दार बंद कशाला?

"मिरच्या वाळत घातल्या आत," कुंदाताई न विचारताच म्हणाल्या.

न विचारता दिलेलं उत्तर. रहमतभाईंनी ते मनात बाजूला काढून ठेवलं. मिरच्या वाळवतात उन्हात, दाराआड नाही. आणि त्या दाराच्या फटीतून जो वास येत होता तो मिरच्यांचा नव्हताच. तो ऑम्लेटचा होता. ज्या घरात केकसुद्धा बिनअंड्याचा आहे का हे दोनदा विचारून घेतात, तिथे कांदा घालून केलेलं, कडा करकरीत झालेलं ऑम्लेट. 'नंदूभाऊ म्हातारपणी बिघडले,' असं भाईंनी ठरवलं आणि सज्जनपणे गप्प बसले. पण वास विसरले नाहीत.

धडे पुढे चालले. व्हेअर आर यू फ्रॉम, कुठले तुम्ही. व्हॉट डू यू डू, काय करता. रिकाम्या वेळी काय करता, तिकडे हवा कशी आहे. रहमतभाई दुकानात मोटर बांधता बांधता घोकत. एका गिऱ्हाइकाला त्यांनी पंखा परत देताना "हाऊ आर यू" म्हटलं. तो बिचारा त्या पंख्याचं काही खरं नाही असं समजून तिथेच ठेवून गेला.

रविवारी दुपारी दोनची वेळ ठरली. तिकडे म्हणे सकाळ असते. रहमतभाईंनी इस्त्रीचा कुर्ता घातला. गझालाने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि स्वतः आत निघून गेली. फरीदाभाभी दाराच्या चौकटीत तसबी, जपाची माळ, घेऊन बसल्या.

फोनमध्ये अब्रार आला. गोल चेहरा, नीट कापलेली दाढी, अंगात गळ्यापर्यंत स्वेटर. मागे पडदा ओढलेला.

"अस्सलामु अलैकुम, चाचा."

"वालेकुम अस्सलाम," रहमतभाई म्हणाले. धर्माचं देणं देऊन झालं, आता चौकशी. "हाऊ आर यू?"

"आय अॅम फाइन, थँक यू. अँड यू?"

रहमतभाई थांबले. हे 'अँड यू' कुठून आलं? ते फोनपासून मागे सरकले.

"काय म्हणते हा?" त्यांनी फरीदाभाभींना विचारलं.

"तुमी कसे हा म्हणते."

"मले काहून विचारते? चौकशी मी करून राह्यलो का तो?" कुंदाताईंनी विचारायचं कसं ते शिकवलं होतं, कोणी उलट विचारलं तर काय, हे नाही. बैलबाजारात जो विकणारा उलट गिऱ्हाइकाच्याच तब्येतीची चौकशी करतो, त्याचा बैल लंगडा असतो, हे रहमतभाईंनी लहानपणापासून पाहिलेलं. त्यांनी 'अँड यू'ला उत्तर दिलं नाही. गळा साफ केला.

"व्हेअर आर यू फ्रॉम?"

"पुसद, चाचा. नाऊ इन लीड्स. अँड यू?"

"पुन्हा," रहमतभाई पुटपुटले. "घाटंजीत फोन लावला अन् विचारते कुठले." मग मोठ्याने: "व्हॉट डू यू डू?"

"आय अॅम इन हॉस्पिटॅलिटी, चाचा."

हा शब्द कुंदाताईंनी शिकवलेला नव्हता. त्यात हॉस्पिटल ऐकू आलं, आणि स्थळ तर हॉटेलचं सांगितलं होतं. रहमतभाईंनी डोळे बारीक केले. तेव्हा त्यांना दिसलं की मुलाच्या कपाळावर काहीतरी चकाकतंय. एक थेंब निघाला, भुवईवर थांबला आणि नाकाच्या कडेने स्वेटरमध्ये गेला. पाठोपाठ दुसरा.

त्यांनी शेवटचा प्रश्न हळूच, मांजरासारखा पुढे टाकला. "हाऊ इज द वेदर?"

"व्हेरी कोल्ड, चाचा," अब्रार म्हणाला आणि बाहीने घाम पुसला. "रेनिंग."

आणि त्या लीड्सच्या पावसात, पडद्यापलीकडे, एक बकरी ओरडली.

खेमसिंगची लसणाची गाडी गावात कोणाला माहीत नाही असं नाही. टेम्पोवर भोंगा, भोंग्यात खेमसिंगने स्वतःच्या आवाजात भरलेली आरोळी: "लसन घ्या, गावरानी लसन, बाईऽऽ लसन." भरताना मध्येच त्याची बकरी ओरडली, तीही त्यात राहून गेली. बकरी वारून जमाना झाला, तिचा आवाज अजून लसूण विकतो. अशी आरोळी जगात दुसरी नाही. फोनमधून आलं "गावरानी लसन", मग बकरी, मग "बाईऽऽ". फोनमध्ये शांत झालं. आणि काही क्षणांनी खिडकीबाहेरून, गल्लीतून, तीच आरोळी सरकत सरकत दाराशी आली.

"चाचा, नेटवर्क," फोनमधला अब्रार म्हणाला आणि दिसेनासा झाला.

फरीदाभाभींची तसबी थांबली. रहमतभाई उठले. त्यांचा चेहरा रागाने लाल व्हायला हवा होता, पण तो उजळला होता. जन्मभर ज्याचा संशय घेतला ते एकदाचं हाताला लागलं की माणूस जसा दिसेल, तसा. चपला घालून, कोणाला काही न सांगता ते बाहेर पडले. गाडी गल्लीच्या तोंडाकडून आली, म्हणजे इंग्लंड गल्लीच्या तोंडाशी आहे.

दारात खेमसिंग लसूण तोलत होता. रहमतभाई जाता जाता थबकले. "तू चारले येत असते. आज दोनलेच काहून?"

"ताईनं सांगितलं, दोनले ये म्हणून."

"कोणत्या ताईनं?"

खेमसिंगने तराजूकडे पाहिलं. "आता ताया काय कमी हाये का, भाई, गावात?"

हेही रहमतभाईंनी मनात बाजूला काढलं, पण घाई होती. कुंदाताईंची ओसरी ओलांडून त्यांनी मागच्या खोलीचं दार ढकललं. मिरच्या नव्हत्या. अब्रार स्वेटर डोक्यातून काढत होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. शेजारी नंदकिशोरभाऊ मांडीवर ताटली घेऊन ऑम्लेट खात होते.

"हाऊ आर यू?" रहमतभाई म्हणाले.

नंदकिशोरभाऊंनी घास गिळला. "फाइन," ते म्हणाले. सवय ती सवय.

अब्रार स्वेटरमधून बाहेर आला. इंग्रजी लीड्सला राहून गेली होती. "चाचा, चूक झाली. पण आईकून घ्या."

"बस अन् बोल. आता तू उघडला गेला. आता खरं बोलशीन."

"सुट्टीवर आलोय. घरच्यायले सांगितलं, तुमाले नाही. कुंदामॅडम माह्या शाळेतल्या, म्हणून इथं थांबलो. म्हटलं, लोक पाहुण्यापुढं वेगळे असते, एरवी वेगळे. तुमी कसे हा, ते आपल्या डोळ्यानं पाहावं."

"मंग? काय पाह्यलं?"

"तुमच्या दुकानावर मिक्सर घेऊन आलतो. तोंडाले रुमाल बांधून. धंदा कसा हाये, विचारलं."

"मी काय म्हटलं?"

"'तुले कायले पाह्यजे?' म्हटलं. अन् मिक्सर उघडला."

रहमतभाईंना तो मिक्सर आठवला. निळा, काहीच बिघडलेला नसलेला. ते खाटेवर बसले. हा पोरगा समुद्र ओलांडून आला आणि सासऱ्याची पहिली चौकशी स्वतः केली, बापाला पाठवलं नाही, मामाला पाठवलं नाही. कोणाच्या सांगण्यावर विसंबला नाही. फोटोंवर नाही, पोरीच्या गोड बोलण्यावरसुद्धा नाही.

"अन् ते हॉस्पिटल काय होतं?"

"हॉटेलात सकाळची न्याहारी करतो, चाचा. आधी भांडे घासत होतो. आता अंडे माह्याकडे. दिवसभर अंडेच."

"हे पह्यले काहून नाई सांगितलं?"

"पह्यले सांगितलं असतं तर पटलं असतं तुमाले?"

रहमतभाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. नसतं पटलं. न्याहारी करतो म्हणाला असता तर काहीतरी मोठं लपवतो असं वाटलं असतं. त्यांनी नंदकिशोरभाऊंच्या ताटलीकडे पाहिलं, एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि चावत राहिले. कडा करकरीत, आत मऊ. रोज करणाऱ्याच्या हाताचं काम होतं.

"चाल घरी," ते म्हणाले.

कुंदाताई आणि तोंड पुसत नंदकिशोरभाऊ, सगळी वरात गल्लीतून निघाली. दारात पाय ठेवताच रहमतभाईंना पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे चहाचा ट्रे. सोनेरी काठाचे कप. ते कप पाहुण्यांशिवाय निघत नाहीत, आणि निघतात तेव्हा त्यांच्यावर वर्षाची धूळ असते. आज ते धुतलेले, पुसलेले, आणि बरोबर जितकी माणसं आत येत होती तितके. आपण कुठे चाललो हे तर त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी होती. टोपलीभर लसूण. तीन माणसांच्या घरात इतका लसूण दिवाळीपर्यंत पुरला असता.

कप, लसूण, दोन वाजता आलेला खेमसिंग, मार्च महिन्यातला स्वेटर. रहमतभाईंच्या डोक्यात एकेक वायर आपापल्या जागी बसत चालली. त्यांनी गझालाकडे पाहिलं. गझाला कपांकडे पाहत होती, फार मन लावून. या पोरीने जन्मभर बापाला मोटारी उघडताना पाहिलं होतं. सरळ सांगितलेलं त्याला पटत नाही, त्याने स्वतः पकडलेलं पटतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? एवढी मोटर तर उघडायलाच हवी होती. एक प्रश्न विचारला असता तर पोटापर्यंत सगळं बाहेर आलं असतं. त्यांनी तोंड उघडलं.

गझालाने वर पाहिलं. हातातला ट्रे किंचित थरथरला, कप एकमेकांवर वाजले. त्यात थट्टा नव्हती. शेवटचं म्हणाली होती, ते तसंच शेवटचं होतं.

रहमतभाईंनी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा एक मोटर न उघडता त्यांनी बाजूला ठेवली. सोपं नव्हतं ते. मग ते दिवाणावर बसले आणि शेजारची जागा हाताने थोपटली.

"बस रे. अन् मघाशी काय विचारत होता, ते पुन्हा विचार."

अब्रार बिचकत बसला. "काय, चाचा?"

"तेच. अँड यू."

"हाऊ आर यू, चाचा?"

कुंदाताई ओठ हलवून त्यांना उत्तर सुचवत होत्या, फाइन, फाइन. रहमतभाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"डावा गुडघा गेला," ते म्हणाले. "जिना चढताना कडकड वाजते. शुगर हाये, पण फरीदाले वाटते मी गूळ खात नाई. खातो. या कानात मोटर चालू असल्यावाणी घू घू वाजत राहते. अन् झोप नाई. पोरीचं काय होईन, म्हणून झोप नाई लागत. लय वर्ष झाले."

फरीदाभाभींनी ओढणीचं टोक तोंडाशी नेलं. आपला हाल फक्त घरच्यांना सांगायचा, हा कायदा त्या घरात सगळ्यांनाच पाठ होता. गझालाने ट्रे खाली ठेवला आणि पहिला कप अब्रारच्या हातात दिला. तो कप वाजला नाही.

रहमतभाईंनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि कडेने अब्रारकडे पाहिलं.

"आता तू सांग कसा हाये," ते म्हणाले. "अन् फाइन म्हणू नोको."